आधी नद्या, मग घाट: कोल्हापुरात सायकल सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात नवी सायकल घेतली की आठवड्याच्या आत कुणीतरी विचारतंच, "मग, पन्हाळा कधी?" मला दुसऱ्याच दिवशी विचारलं आणि मी त्याच रविवारी निघालो. वाघबीळपर्यंत मोठ्या ऐटीत गेलो. तिथून गडाकडं वळलो, दोन वळणांत दम निघाला, तिसऱ्या वळणाला उतरून सायकल हातात धरली. डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेल्या एक मावशी मागून आल्या आणि सरळ पुढं निघून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "पंक्चर झाली व्हय रं बाळा?" मी हो म्हणालो.

तसं खोटं बोलायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. साधारण तीन महिन्यांचा आहे. ज्यांचे पाय आधीच तयार आहेत त्यांनी मधल्या पायऱ्या गाळल्या तरी चालेल, पण नद्यांचा आणि वाऱ्याचा भाग वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

नकाशा नद्यांचा

शहरापासून सात-आठ किलोमीटरवर प्रयाग चिखली आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचं पाणी इथं एक होतं आणि पुढं तिला पंचगंगा म्हणतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. चिखलीला जाऊन एकदा नुसतं संगमावर उभं राहा, कारण सायकलवाल्याचा सगळा भूगोल तिथं समजतो. या नद्या पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून येतात. त्यामुळं नदीच्या कडेनं पश्चिमेला जाणारा रस्ता चढाचाच असतो, फक्त तो चढ इतका सावकाश असतो की डोळ्याला दिसत नाही. पायाला मात्र वीसएक किलोमीटरनंतर कळायला लागतो. "आज अंगात काय जीवच नाही," असं वाटलं तर थांबून ओढ्याचं पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते बघा. तुमच्याकडं वाहत असेल तर तुम्ही चढताय.

एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं म्हटलं की मधली डोंगराची धार ओलांडावी लागते आणि खरा घाट तिथं लागतो. एवढं ध्यानात ठेवलं की कुठलाही नवा रस्ता नुसत्या नावावरून जोखता येतो. गगनबावड्याचा रस्ता कुंभीच्या खोऱ्यातला, राधानगरीचा भोगावतीच्या. गारगोटीचा रस्ता कळंब्यावरून निघतो आणि दूधगंगा-वेदगंगेच्या मुलखात उतरतो. पन्हाळा आणि जोतिबा हे थेट डोंगरावरच बसलेत, तिथं सवलत नाही.

वारं

नवख्या माणसाला चढापेक्षा वारं जास्त छळतं, आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. फेब्रुवारी उजाडला की सकाळी दहा-अकरानंतर पश्चिमेचं वारं सुटतं आणि दिवस कलेपर्यंत वाढतच जातं. म्हणून नियम एकच: पहाटे पश्चिमेकडं जायचं आणि दुपारच्या आत घराकडं वळायचं. जाताना हवा पडलेली असते, येताना उतार आणि वारं दोन्ही पाठीशी. हेच उलटं केलंत, म्हणजे सकाळी हातकणंगल्याच्या बाजूला गेलात आणि दुपारी परतायला निघालात, तर सपाट रस्त्यावर ताशी बाराच्या वेगानं रडत यावं लागेल.

सायकल आणि पिशवी

कुठली सायकल घ्यावी यावर दुकानात तासभर चर्चा होते. त्यातलं निम्मं सोडून द्या. आपल्या भागासाठी दोनच गोष्टी बघा. पहिली, टायरची जाडी. २३ मिलिमीटरचे बारीक टायर गावच्या वेशीवरच्या गतिरोधकांना आणि पावसानंतरच्या खड्ड्यांना टिकत नाहीत. २८ बरे, ३२ उत्तम. दुसरी, सगळ्यांत हलका गिअर. पुढच्या लहान चकतीला ३४ दाते आणि मागच्या मोठ्या चकतीला ३२ किंवा ३४ असले तर पन्हाळा बसून चढता येतो. मागं २५ किंवा २८ च असतील तर गुडघ्यांची किंमत मोजावी लागते. हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची आणि जरा जाड टायरची सायकल असेल तर हा प्रश्न बहुतेक सुटलेलाच असतो. खाली वळलेल्या हँडलची रोड बाईकच पाहिजे असा आग्रह पहिल्या वर्षी धरू नका.

पिशवीत दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, अॅलन की चा जुडगा. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ ठेवाच. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडं हवा असते, मायेनं भरूनही देतो, पण त्याचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्वचं असतं. दहा रुपयांच्या वस्तूसाठी मी एकदा गगनबावडा रस्त्यावरच्या कळे गावापासून टेम्पोत बसून आलोय. बाभळीचे काटे पावसानंतर फार. टायरमधला काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालाल तर पाच मिनिटांत पुन्हा तेच काम करत बसाल.

हेल्मेट, मागं लाल दिवा आणि पुढं पांढरा, हे दिवसासुद्धा. नदीकाठी हिवाळ्यात सकाळी आठपर्यंत धुकं हटत नाही आणि उसाच्या दोन फडांमधला रस्ता बोगद्यासारखा असतो. मोबाईलमध्ये घरच्यांना लोकेशन चालू करून द्या. अपघात झाला तर १०८ ला रुग्णवाहिका आणि ११२ ला पोलिस.

पहिले पंधरा दिवस: शहराच्या कडेकडेनं

सकाळी सहाला रंकाळ्यावर या. फिरायला येणारी माणसं, पोहून परतणारी पोरं, मिसळीच्या गाड्या लागायच्या आधीची शांतता. इथं वेग वाढवायचा नाही, गिअर बदलायला शिकायचं. पाय मिनिटाला ८० च्या आसपास फिरले पाहिजेत. हा आकडा मोजायला घड्याळ बघत पंधरा सेकंदात एक पाय वीस वेळा खाली गेला का ते बघा. बहुतेक नवे लोक जड गिअरवर रेटत असतात, कारण ताकद लागली की व्यायाम झाल्यासारखं वाटतं. तो व्यायाम गुडघ्यांचा होतो.

चार-पाच दिवसांनी कळंब्याकडं वळा. कळंबा तलाव आणि तिथून पुढं कात्यायनीपर्यंत जाऊन परत. रस्ता थोडा वरखाली आहे, त्यामुळं चढाच्या आधीच गिअर हलका करायची सवय लागते. चढावर पोहोचल्यावर, जोर लावत असताना गिअर टाकला की साखळी कडकडते आणि कधी उतरते. दुसऱ्या आठवड्यात शिवाजी पुलावरून प्रयाग चिखली. सपाट, सोपं, आणि वर सांगितलेला भूगोल डोळ्यांसमोर.

खाण्याचं इथंच सांगतो. निघण्याआधी मिसळ नको. आपल्या गावात हे सांगणं धाडसाचं आहे, पण तर्री पोटात घेऊन चढ चढताना जे होतं ते मी पाहिलंय. एक केळ, पाव-चटणी किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरे. तासाभरापेक्षा जास्त जाणार असाल तर दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका आणि तहान लागायच्या आधी पाणी प्या. महागड्या जेलच्या पुड्या घेण्यापेक्षा गुळाचे खडे कागदात बांधून घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध मात्र परत आल्यावर.

तिसरा-चौथा आठवडा: पुईखडी

राधानगरी रस्त्यावर शहर संपलं की पुईखडीचा चढ लागतो. गाडीनं जाणाऱ्याला तो चढ वाटतसुद्धा नाही. सायकलवाल्याला मात्र घाटाचं सगळं शिक्षण इथं मिळतं, आणि घर जवळ असल्यामुळं फजिती झाली तरी कुणाला कळत नाही.

पहिल्या दिवशी एकदाच चढा. चढ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांत हलका गिअर टाका, बसूनच राहा, हात हँडलच्या वरच्या भागावर सैल, आणि एवढ्याच वेगानं चाला की शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल. एकटे असाल तर मोठ्यानं "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणून बघा. मधे तुटलं तर वेग कमी करा. आठवड्यातून दोनदा जा, पुढच्या आठवड्यात एकाच फेरीत दोनदा चढा, मग तीनदा. तीनदा चढून घरी आल्यावर ऑफिसला जाता येतंय असं झालं की जोतिबाला जायला हरकत नाही.

उतरणंही इथंच शिका. दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. अंग जरा मागं, पायडल आडवे, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथं संपतं तिथं. डांबरावर बारीक खडी दिसली तर सायकल सरळ ठेवा आणि ब्रेकला हात लावू नका.

जोतिबा, मग पन्हाळा

दोघांची सुरुवात एकच. शिवाजी पूल ओलांडायचा, रजपूतवाडीजवळ सोनतळी मागं टाकायची, केर्लीला यायचं. केर्लीतून जोतिबाला फाटा फुटतो आणि सरळ रस्ता वाघबीळकडं जातो. हा रत्नागिरी महामार्ग आहे. रुंदीकरणामुळं कुठं गुळगुळीत डांबर तर कुठं धुरळा, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी त्या बाजूनं ये-जा करणाऱ्या कुणाला तरी विचारून घ्या. उजाडताना केर्ली ओलांडलेली बरी.

जोतिबा आधी का, तर इथं चढ तुकड्यातुकड्यानं येतो, मधे श्वास घ्यायला जागा मिळते. रविवार टाळा. रविवार देवाचा वार आहे आणि सकाळपासून गाड्यांची रीघ असते. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर सायकलचं नावच काढू नका. इतर दिवशी वर गेलात तरी गुलालापासून सुटका नाही. देवळाच्या आसपासचा रस्ता गुलाबी असतो, आणि दंवानं ओला झालेला गुलाल चाकाखाली शेवाळासारखा सरकतो. घरी आल्यावर साखळी पुसायला घेतली की फडकं गुलाबी होतं. माझ्या हँडलवरची जुनी पांढरी टेप अजून तशीच गुलाबी आहे. पोहाळ्याची लेणी याच डोंगराच्या अंगाला आहेत, वेळ असेल तर बघा.

पन्हाळा भोवतालच्या मैदानापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. शहरापासून अंतर वीसएक किलोमीटर, पण वाघबीळपासून वरचे शेवटचे सहाएक किलोमीटर हीच खरी परीक्षा. तोवर पाय ताजे ठेवा, म्हणजे केर्ली ते वाघबीळ मित्रांशी शर्यत लावू नका. चढ लागल्यावर पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश. तिथं जो जपून राहतो तो वर बसून पोहोचतो. थांबावंसं वाटलं तर वळणाच्या पुढं, जिथं गाड्यांना लांबून दिसाल तिथं थांबा. पुन्हा निघताना सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरून निघालं की चढावर तोल जात नाही.

वर पोहोचलात की शिवा काशीद आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यांपाशी क्षणभर थांबा. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ते याच गडावरून, भर पावसात, रातोरात, विशाळगडाकडं. ती वाट आठवली की आपल्या सहा किलोमीटरची तक्रार करायला तोंड राहत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळा आहे. शनिवार-रविवारी दहानंतर वर मुंगीला शिरायला जागा नसते, तेव्हा साडेआठच्या आत तीन दरवाजा बघून खाली निघा. उतरताना जाकीट घाला. घामानं भिजलेल्या अंगाला उतारावरचं वारं लागलं की बोटं ब्रेकवर वळत नाहीत. आणि समोरून येणारी पर्यटकांची गाडी वळणावर तुमच्या बाजूला येणार असं धरूनच चाला.

दोन्ही वेगवेगळ्या दिवशी जमले की जोतिबावरून दानेवाडीमार्गे वाघबीळकडं निघून पुढं पन्हाळा, अशी एक झकास फेरी होते. त्या दिवशी दुसरं काही काम ठरवू नका.

गगनबावडा: पहिली शंभरी

एका दिवसात शंभर किलोमीटर हे सगळ्यांचं स्वप्न असतं, आणि त्यासाठी आपल्याकडं गगनबावड्यासारखा रस्ता नाही. फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज आणि गगनबावडा. जाऊन येऊन एकशे दहाच्या आसपास. जवळपास सगळा रस्ता खोऱ्यातून जातो, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि ऊस, आणि डोंगर हळूहळू जवळ येत जातात.

पहाटे साडेपाचला निघा. ताशी पंधराचा वेग धरला तरी दहाच्या आत गगनबावडा गाठता येतो. कळ्याला चहा-पोहे, बाटल्या भरून घ्या. शेवटच्या टप्प्यात चढ जाणवतो, पण पन्हाळा चढलेल्याला त्याचं काही नाही. वर गगनगड दिसतो. गावापुढं रस्ता दोन घाटांना फुटतो, करूळ आणि भुईबावडा, दोन्ही कोकणात उतरतात. घाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली बघितलं की उतरायचा मोह होतो. पहिल्या वेळी तो आवरा, कारण उतरलेलं सगळं भरदुपारी, वाऱ्यात नव्हे तर कोंडलेल्या उकाड्यात परत चढायचं असतं.

एका टपरीवर म्हाताऱ्या मामांनी मला विचारलं होतं, "कुठलं पावणं?"
"कोल्हापूरचाच, मामा."
"आणि गाडी कुठं लावली?"
"ही काय, ही सायकल."
त्यांनी सायकलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तेलाला पैसं न्हाईत व्हय?" आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

दोन गोष्टी ऋतूच्या

ऊस. कारखाने सुरू झाले की, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, आपले सगळे रस्ते उसाचे होतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर रस्त्याच्या बाहेर झुकलेला ऊस, आणि चालकाच्या कानाशी गाणी. त्याला तुमची घंटी ऐकू येत नाही. मागून ओलांडताना दोन्ही ट्रॉल्या लक्षात घ्या, मधे शिरू नका, आणि वळणावर तर ओलांडूच नका. मागची ट्रॉली वळणात आतल्या बाजूला ओढली जाते. ट्रॅक्टरमागं लागून वारं चुकवायची सवय काहींना असते. वरून एखादी मोळी सुटली की ती सवय मोडते. अंधारात यातल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, आणि बैलगाडीला तर नसतोच. म्हणून या महिन्यांत सूर्य उगवायच्या आधी हमरस्त्यावर वेग नको. रस्त्यावर पडलेलं पाचट ओलं असेल तर घसरतं आणि उसाचं कांडकं पुढच्या चाकाखाली आलं की माणूस आडवा.

पावसाळा. गावागावांमधल्या छोट्या रस्त्यांवर नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की खांबांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढून घेतात. वरून सायकल जाईल एवढी वाट असते, कडेला कठडा बहुधा नसतो. इतर वेळी हा झकास जवळचा रस्ता आहे. जून ते सप्टेंबर मात्र हे बंधारे पाण्याखाली जात-येत असतात. घोटाभर पाणी दिसतंय म्हणून आत शिरू नका. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३५ च्या पुढं सरकलंय असं कळलं की नदीकाठच्या फेऱ्या बंद, त्या आठवड्यात पुईखडीच बरी. पाणी ओसरल्यावर बंधाऱ्यावर गाळ राहतो. तो वाळेपर्यंत उतरून चालत जा.

राधानगरी

ही शेवटची पायरी, आणि माझी सगळ्यांत आवडती. पुईखडी, हळदी, परिते, मग भोगावतीच्या सोबतीनं राधानगरी. जाताना पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या धरणाचं गाव, नाव त्यांच्या कन्येचं, राधाबाईंचं. धरणाचे सात दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात, आणि ऑक्टोबरच्या सकाळी काठोकाठ भरलेला तो तलाव बघितला की परतीचं अंतर विसरायला होतं.

इथून पुढं दाजीपूरचा रस्ता जलाशयाच्या बाजूनं, जंगलातून, फोंडा घाटाकडं जातो. हा गव्यांचा मुलूख आहे, १९५८ पासूनचं अभयारण्य. पहाटे आणि सांजेला इथं एकट्यानं सायकल नेऊ नये. गवा रस्त्यात दिसला तर लांबच थांबा, दिवा मारू नका, ओरडू नका, फोटोसाठी पुढं जाऊ नका. तो जाईल. एक ओलांडला म्हणून लगेच निघू नका, मागं कळप असतो. पहिल्या फेरीत दाजीपूर सोडाच. राधानगरीतून परत फिरा.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा येताना रस्ता बदला. राधानगरीतून निपाणीच्या दिशेनं मुदाळ तिट्टा, तिथून बिद्रीवरून कळंब्यामार्गे शहर. दोन खोरी एका दिवसात होतात, सव्वाशेच्या आतबाहेर.

सरळ वाटेनं परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट. परित्यापर्यंत उतार आणि वारं तुम्हाला आणून सोडतात, हळदीला ऊस रसाचा गाडा दिसतो, घर आलंच असं वाटतं. मग पुईखडी पुन्हा समोर येते, या वेळी उलट्या बाजूनं, शंभराव्या किलोमीटरला. हळदीला थांबा, रस प्या, आणि गुळाचा शेवटचा खडा खिशात राहू द्या. तो चढाच्या अर्ध्यावर लागतो.